आईची गाडी एकोणीस, लेकाची बारा

ताईच्या नातीचं बारसं होतं, साताऱ्याला. जेवणं उरकली, बायका आत पाळण्यापाशी जमल्या आणि आम्ही गच्चीवर सुपारी कातरत बसलो. बोलणं फिरत फिरत गाड्यांच्या ॲव्हरेजवर आलं. ताईची गाडी आणि तिच्या मुलाची गाडी एकाच मॉडेलची. तेच एक लिटरचं, तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, म्हणजे पंख्याने जास्तीची हवा दाबून भरणारं, तेच पाच गिअर, घेतल्याही एकाच वर्षी. ताई पानाचं तबक घेऊन वर आली होती. तिने सहज सांगितलं, "माझी लिटरला एकोणीस देते." भाचा म्हणाला, "आई, माझी बारा. गेल्या महिन्यात तर साडेअकरा." दाजींनी लगेच निकाल दिला, "मग तुला चालवता येत नाही." मंडळी हसली. भाचा काही बोलला नाही, पण त्याचं तोंड उतरलेलं मला दिसलं. मग गच्चीवर दोन तट पडले. एक म्हणे, टर्बो लावला की गाडी पेट्रोल पिणारच. दुसरा म्हणे, इंजिनच लहान, पिऊन पिऊन पिणार किती? आणि दोघांचे पुरावे समोर हजर होते, आई आणि मुलगा.

ते हसणं मला खटकलं. भाच्याच्या शेजारी बसून मी पुणे-सातारा पुष्कळ वेळा आलो आहे. पाय हलका आहे त्याचा, उगाच रेस करत नाही, ब्रेकवर उभा राहत नाही. मग एकाच यंत्रात सात किलोमीटरचा फरक पडतो कसा? महिन्याला हजार किलोमीटर धरले तर बाराला त्र्याऐंशी लिटर लागतात आणि एकोणीसला त्रेपन्न. मधल्या तीस लिटरचे तीन हजारांवर रुपये होतात. नुकतंच घरात मूल आलेल्या माणसाला हा आकडा लहान नाही, आणि त्याचं खापर त्याच्याच पायावर फुटत होतं.

आमच्या घरात ॲव्हरेज हा आप्पांचा प्रांत होता. त्यांची डिझेल इंडिका होती, १९९८ च्या डिसेंबरात ती गाडी बाजारात आली त्यानंतर दोन-तीन वर्षांनी घेतलेली. डॅशबोर्डच्या कप्प्यात लाल पुठ्ठ्याची एक लांबट वही असे आणि तिला सुतळीने बांधलेलं बॉलपेन. तारीख, रीडिंग, लिटर, रुपये, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. "चाकात हवा कमी." "घाट." "पाच माणसं." पानांना डिझेलचा वास यायचा. पंपावर पोऱ्याने नळी काढली की आप्पा काचेवर टेकून आधी हिशेब मांडायचे आणि मगच चावी फिरवायचे. मागची गाडी हॉर्न वाजवत राही. ते इंजिन १,४०५ सीसीचं, टर्बो नसलेलं, ताकद पन्नास-बावन्न अश्वशक्तीच्या आसपास. पसरणी घाटात पाच माणसं बसली की दुसऱ्या गिअरखेरीज गत्यंतर नसे. पहिल्या मोठ्या वळणाआधी आप्पा हात पुढे करून एसी बंद करत, आई काच खाली घेई आणि ओला रुमाल मानेवर ठेवी. मागून काळा धूर निघायचा. मागे बसलेल्या आम्हा भावंडांना इंजिनाचं कण्हणं पायांच्या तळव्यांना कळायचं.

पुढे दहाएक वर्षांनी १.३ मल्टिजेटची गाडी घरात आली. फियाटचं हे १,२४८ सीसीचं डिझेल इंजिन त्या काळात इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसलं होतं की वाईच्या बाजारात उभं राहिलं तर दर दोन-चार गाड्यांमागे एकात तेच वाजताना ऐकू यायचं. आमच्या रांजणगावातही ते बनत असे. इंडिकाच्या इंजिनापेक्षा लहान, ताकद मात्र पंचाहत्तर अश्वशक्ती, आणि आप्पांच्या वहीत सोळा-सतराच्या जागी वीस-एकवीस लागू लागले. १,८०० आरपीएमच्या खाली गाडी जरा मेल्यासारखी वाटे, काटा तिथून वर गेला की मागून कुणीतरी ढकलल्यागत निघे. आप्पांनी शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द लिहिला होता, "टर्बो".

मला वाटतं, आपल्या लोकांच्या मनात टर्बोची जी ख्याती आहे ती तिथे तयार झाली. ताकद वाढते आणि ॲव्हरेजही वाढतं, असं दुहेरी वरदान. पण त्या वाढीत कॉमन रेल या डिझेल फवारण्याच्या नव्या पद्धतीचा वाटा मोठा होता. डिझेल फार मोठ्या दाबाने, अतिशय बारीक फवाऱ्यात, नेमक्या वेळी सिलिंडरमध्ये जाऊ लागलं होतं. नाव मात्र टर्बोचं झालं, कारण जाणवायचा तो टर्बो. शिवाय डिझेल इंजिनाचा स्वभावच वेगळा. त्याला हवा कितीही द्या, डिझेल लागेल तेवढंच सोडता येतं. जास्तीची हवा त्याच्या पथ्यावरच पडते. पेट्रोलचं तसं नाही.

पेट्रोलला हवेचा हिशेब चुकता करावा लागतो.

हे मला नीट समजलं ते कोल्हापूरला, उद्यमनगरात. टर्बो दुरुस्त करणारा एक मित्र आहे तिथे. त्याच्या बाकावर एका लहान पेट्रोल गाडीचा टर्बो उघडून ठेवलेला होता. एका बाजूचं आवरण बिडाचं, भाजून तपकिरी झालेलं. दुसऱ्या बाजूचं ॲल्युमिनियमचं, धुतलं की चकचकीत. मधे बोटभर दांडा आणि त्याच्या दोन टोकांना दोन पंखे, अंगठा आणि तर्जनी जोडून जो गोल होतो त्यात मावतील एवढे. सायलेन्सरकडे निघालेला तापलेला धूर एका पंख्याला फिरवतो, दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा पंखा बाहेरची हवा ओढून दाबून इंजिनात भरतो. वाया जाणाऱ्या धुरातून काम काढून घ्यायची ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांची, पेटंट १९०५ चं. मित्राने दांड्याचं टोक चिमटीत धरलं आणि आडवं हलवून दाखवलं. जरासं हललं. "एवढा प्ले पाहिजेच," तो म्हणाला. मग आत-बाहेर ढकललं, ते हललं नाही. "हा प्ले आला की समज पंखा आवरणाला घासणार." त्या दांड्याला बॉल बेअरिंग नव्हतं. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या. आणि बिडाच्या बाजूला नऊशे अंशांच्या घरातला धूर. गाडी जोरात आणून फाटकात उभी केल्या केल्या बंद केली की तिथलं तेल जळून त्याची काजळी धरते. त्याच्याकडे येणाऱ्या बऱ्याच टर्बोंचं दुखणं तेलाचंच असतं, एक तर वेळेवर न बदललेलं किंवा हलक्या प्रतीचं.

त्याच दुपारी एक मुलगा आला. विशीतला, हाताला ग्रीस. त्याच्या जुन्या हॅचबॅकला टर्बो बसवायचा होता आणि वर ॲव्हरेजही वाढेल असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. मित्राने कामं थांबवून त्याला समजावलं, ते मला फार आवडलं. एक भाग पेट्रोलला साधारण पावणेपंधरा भाग हवा लागते, म्हणजे १४.७ किलो हवेला १ किलो पेट्रोल. टर्बोने दीडपट हवा कोंबली तर पेट्रोलही दीडपट द्यावं लागणार, त्यात सूट नाही. दाबून भरलेली हवा तापते, मग ती गार करायला इंटरकूलर आला. तरीही सिलिंडरमध्ये मिश्रण वेळेआधीच पेटून नॉकिंग होऊ नये म्हणून कॉम्प्रेशन उतरवावं लागतं. टर्बो नसलेली हल्लीची इंजिनं मिश्रण अकरा-बारा पट दाबतात, टर्बोवाली बहुतेक दहाच्या आसपास. जितकं कमी दाबणार तितकं त्याच पेट्रोलमधून काम कमी निघणार. "म्हणजे तुझी गाडी गावात सावकाश चालली तरी आधीपेक्षा जास्तच पिणार," मित्र म्हणाला, "आणि पळवलीस तर विचारूच नकोस." पिस्टन, इंजेक्टर, ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं मॅपिंग, शिवाय इंजिनात असा बदल करायला आरटीओची मंजुरी, हे सगळं ऐकून मुलगा बराच वेळ त्या उघड्या टर्बोकडे बघत उभा राहिला.

मग पेट्रोल वाचतं कुठे? कारण वाचतं, हे ताईच्या गाडीत मी पाहिलं आहे.

ते टर्बोने वाचत नाही, टर्बोमुळे इंजिन लहान करता आलं म्हणून वाचतं. आपली गाडी सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने चालली असेल तर तिला सात-आठ अश्वशक्ती पुरे होतात. इंजिन मात्र शंभरचं. म्हणजे बहुतेक वेळ पेट्रोल इंजिन स्वतःच्या ताकदीचा दहावा हिस्सा वापरत असतं आणि तेवढंच वापरावं म्हणून हवेच्या वाटेवरची थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. पिस्टन त्या फटीतून हवा ओढत राहतात. नाक दाबून धावणाऱ्या माणसाची जी तगमग होते तीच ही, आणि तिचं पेट्रोल आपण भरत असतो. दीड लिटरच्या जागी एक लिटरचं इंजिन असलं तर तेवढ्याच कामासाठी झडप जास्त उघडावी लागते, तगमग कमी होते. चारऐवजी तीन सिलिंडर, म्हणून घासणारे भाग कमी. आणि ओव्हरटेकला, घाटात ताकद हवी तेव्हा टर्बो दीड लिटरचं काम करून देतो. टर्बो झोपलेला असताना बचत, जागा झाला की खर्च. दोन इंजिनं एकाच बॉनेटखाली, आणि कुठलं चालू आहे हे उजव्या पायावर आणि रस्त्यावर ठरतं.

पण आपल्याकडे या बचतीची तुलना नीट होत नाही, कारण आपल्या टर्बोसमोर दीड लिटरचं इंजिन उभंच नसतं. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाडीची व्याख्या झाली, लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत. अशा गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. व्याख्या अजून तीच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांना जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्यांना ४०. त्यामुळे आपल्याकडे लहान गाडीत टर्बो येतो तो बहुतांशी या कुंपणाच्या आत राहून जास्त ताकद देण्यासाठी. ताईच्या बाबतीत निवड होती ती १.२ लिटरचं साधं इंजिन आणि १.० लिटरचं टर्बो यांत. मारुती फ्राँक्समध्ये ही दोन्ही इंजिनं पाच गिअरच्या मॅन्युअलसह मिळतात. साध्याचा जाहीर आकडा २१.७९, टर्बोचा २१.५, आणि टर्बोच्या मदतीला छोटी हायब्रिड मोटरही दिलेली. म्हणजे कागदावर बरोबरी. ताकद नव्वदच्या जागी शंभर, आणि ओढ, म्हणजे टॉर्क, ११३ न्यूटन मीटरच्या जागी १४७. एवढं मिळून ॲव्हरेज तेच राहतं, ही माझ्या मते अभियंत्यांची मोठी कमाई आहे. आपण तिच्याकडून ॲव्हरेज वाढवूनही मागतो तेव्हा तिच्यावर अन्याय करतो.

हे जाहीर आकडे निघतात ते रोलरवर. आपल्याकडे पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्यांच्या चाचण्या घेणारी संस्था आहे, १९६६ पासूनची. अशा प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या तालात वीसेक मिनिटं चालवतात. वेग ताशी नव्वदच्या पुढे जात नाही, वेग वाढवण्याचा जोर अगदी बेताचा, एसी बंद. लहान टर्बो इंजिनाला याहून सोयीची परीक्षा नाही, कारण तिथे टर्बोला फारसं उठावंच लागत नाही. खऱ्या रस्त्यावर ते प्रत्येक सिग्नलला उठतं.

बारशानंतर एका रविवारी मी भाच्याची गाडी घेऊन ताईच्या नेहमीच्या रस्त्याने कराडला निघालो, भाचा शेजारी. नागठाण्याच्या पुढे पाचवा गिअर, ऐंशीचा वेग, उसाच्या ट्रॉल्या सोडल्या तर रस्ता मोकळा. पडद्यावरचा आकडा वीस, एकवीस, पुन्हा वीस. भाचा वाकून त्याकडे बघत होता. कराडच्या कोल्हापूर नाक्यावर चहाला थांबलो तेव्हा सरासरी एकोणीसच्या पुढे होती. गाडी तीच, बारावाली. तो इतकंच म्हणाला, "मामा, हे बाबांना सांगा."

त्याचा रोजचा रस्ता मी पाहिलेला आहे. वाकडच्या सोसायटीतून सकाळी निघायचं. इंजिन थंड आणि थंड इंजिनाला मिश्रण गडद, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं लागतं. ते तापेस्तोवर निम्मा रस्ता संपलेला. उड्डाणपुलाखाली दहा-दहा मिनिटं गाडी जागेवर, एसी चालू, कारण काचा उघडल्या तर धुळीने गुदमरायला होतं. त्या दहा मिनिटांचं ॲव्हरेज शून्य. मग पुढे वीस मीटरची फट पडते आणि लहान इंजिन १,८०० च्या खाली मंद असतं. फट भरायला तो पाय जरा जास्त दाबतो, तेवढ्यात टर्बो जागा होतो, हवा येते, हवेमागोमाग पेट्रोल येतं, आणि तो सगळा वेग चार सेकंदांनी ब्रेकच्या डिस्कवर उष्णता होऊन निघून जातो. असं दिवसभरात किती वेळा, ते मोजवत नाही. यात त्याच्या पायाचा दोष फार तर एक किलोमीटरचा. उरलेले सहा त्या रस्त्याचे आहेत. साध्या १.२ इंजिनाची तिथे चौदा देणारी गाडी त्याच्याच इमारतीत आहे.

आणखी एका ठिकाणी टर्बो हात मारतो ते म्हणजे एक्स्प्रेसवे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीवरून शंभरला गेलं की तो दीडपटीच्या वर जातो. लहान इंजिन तिथे बराच वेळ दाबाखाली राहतं, धूर तापतो, आणि मघाचा तो बोटभर दांडा आणि पंखा वाचवायला कॉम्प्युटर जास्तीचं पेट्रोल सोडून धूर थंड करतो. म्हणजे ते पेट्रोल चाकं फिरवायलाही उरत नाही. चार माणसं, सामान, एसी आणि बोरघाटाचा चढ, एवढं जमून आलं की एक लिटरचं टर्बो दीड लिटरच्या साध्या इंजिनापेक्षा जास्त पिऊ शकतं. भर म्हणून आता पंपावर वीस टक्के इथेनॉल. आपल्याच उसाचं आहे, मला त्याचं वावडं नाही, पण इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असते. त्यामुळे लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. टर्बोला त्याचा एक फायदा असा की इथेनॉलमुळे नॉकिंग दबतं. ज्या इंजिनाची जुळणी त्या हिशेबाने केलेली आहे त्याला तो मिळतो, जुन्याला मिळत नाही.

दाजींना मी फोनवर सगळं सांगितलं. ते "हं" म्हणाले. भाच्याला त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही.

मी वाईत राहतो. पसरणी घाट माझ्या दारात आहे. वाई ते पाचगणी साडेपाचशे-पावणेसहाशे मीटरची चढण. गाडी आणि माणसं मिळून तेराशे किलो एवढ्या उंचीवर न्यायला निव्वळ उचलण्याचीच सत्तर लाख ज्यूलच्या वर ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये सव्वातीन कोटी ज्यूल असतात खरे, पण इंजिन त्यातले चौथा हिस्सा, फार तर थोडे अधिक, चाकांपर्यंत पोचवतं. म्हणजे पाऊण-एक लिटर घाट घेणारच, टर्बो असो वा नसो. इंडिकालाही तो चुकला नाही. उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवली तर इंजेक्टर पेट्रोल पूर्ण बंद करतात. न्यूट्रल करून उतरणाऱ्यांचं इंजिन मात्र जागेवर चालतं तसं पीत राहतं, आणि ब्रेक तापतात ते वेगळंच. वर महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर हवा बारा-तेरा टक्के विरळ होते. साधं इंजिन तेवढं दुबळं पडतं, टर्बो जरा जास्त फिरून ती उणीव भरून काढतो.

त्या घाटात ताईच्या गाडीतून गेलो तेव्हा आई मागे होती. आता ऐंशीची आहे. पहिलं मोठं वळण आलं आणि तिने सवयीने काचेच्या बटणाकडे हात नेला. मी म्हटलं, राहू दे, एसी बंद करायची गरज नाही. गाडी तिसऱ्यात होती आणि न कुरकुरता चढत होती. मला त्याचा आनंद झाला, मनापासून. आणि पडद्यावर आकडा होता आठ. आप्पांच्या इंडिकाचं कण्हणं ऐकून कळायचं की आत्ता जास्त जळतंय, पाय आपोआप उचलला जायचा. हे इंजिन तसं काही सांगत नाही. लागेल तेवढं शांतपणे घेतं आणि लागेल तेवढं देतं. जबाबदारी सगळी डोळ्यांवर आली आहे, त्या छोट्या आकड्याकडे बघण्याची, आणि चढाच्या वळणावर ते डोळे रस्त्यावर हवे असतात.

माझी जुनी गाडी यंदा बदलायची आहे. हिंजवडीत नोकरी असती तर डोळे मिटून १.२ चं साधं इंजिन घेतलं असतं. टर्बोसाठी वर द्यायचे लाखभर रुपये तिथे वसूल होत नाहीत. पण माझं चालवणं पाचगणी, मेढा, महाबळेश्वर, पोलादपूर असं आहे, आई बरोबर असते, आणि पावसाळ्यात काचा उघडता येत नाहीत. टर्बोच घेणार आहे. घाटातल्या आठ-नऊची तयारी ठेवली आहे, आणि दर वेळी पाचगणीला पोचून इंजिन बंद करण्याआधी अर्धा-एक मिनिट थांबण्याचीही.